डरहॅम बुल्सचं मैदान: आईबाबा आले की एक संध्याकाळ इथेही न्या

कोथिंबीरवडी

उन्हाळा आला की आपल्याकडे ठरलेली वारी निघते. आईबाबांचं विमान उतरतं, जेट लॅग अजून अंगात असतो, तोवर नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन उरकायचं. परत गेल्यावर बाबा चारचौघांत सांगतात काय, तर मॅनहॅटनमध्ये गाडी लावायला किती डॉलर मोजले ते.

त्या यादीत मायनर लीग बेसबॉलची एक संध्याकाळ घाला, एवढं सांगायला हा धागा. मुद्दाम मायनर म्हणतेय. मेजर लीगची स्टेडियमं भव्य असतात, पण चौघांची तिकिटं, पार्किंग आणि खाणं धरलं तर खिसा रिकामा, आणि बसायला मिळतं अशा ठिकाणी की खेळाडू मुंगीएवढे दिसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगचे ३० संघ. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० गावांत हे क्रिकेट (बघा, बोटं आपोआप तेच टाइप करतात!), हे बेसबॉल चालतं. २०२१ च्या आधी असे १६० संघ होते. फेररचनेत बऱ्याच गावांचे संघ एका फटक्यात सुटले, त्याचा राग अजून लोकांच्या मनात आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो, त्यामुळे आमचं मैदान डरहॅम बुल्सचं. हा टॅम्पा बे रेजचा ट्रिपल-ए संघ. मैदान १९९५ चं, साधारण दहा हजार माणसं मावतात. समोरच अमेरिकन टोबॅको कंपनीच्या जुन्या विटांच्या इमारती आहेत. एके काळी तिथे सिगारेटी बनायच्या, आता ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. लकी स्ट्राइक लिहिलेली पाण्याची टाकी मात्र जपून ठेवलीय. संघाचं नावही तंबाखूचंच, बुल डरहॅम हा इथला जुना ब्रँड. सामन्याच्या तासभर आधी जाऊन त्या आवारात एक फेरी मारा.

डावीकडची भिंत ३२ फूट उंच आणि निळी आहे, तिला ब्लू मॉन्स्टर म्हणतात. बॉस्टनच्या फेनवे पार्कच्या हिरव्या भिंतीची ही धाकटी बहीण. धावफलक हाताने बदलतात. आणि त्या बाजूला वर उभा आहे तो प्रसिद्ध लाकडी बैल. आपल्या संघाने होम रन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. बैलावर लिहिलंय, मला चेंडू मारा आणि स्टेक जिंका. पायाखालच्या गवतावर लिहिलंय, गवताला मारा आणि सॅलड जिंका. असा बैल मुळात १९८८ च्या बुल डरहॅम या सिनेमासाठी जुन्या मैदानावर उभा केला होता, लोकांना इतका आवडला की संघाने बैल ठेवायची पद्धत कायमचीच उचलली. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "गवताला लागू दे रे बाबा."

बाबा मिरजेचे, निवृत्त बँकवाले. रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वहीत स्कोअर लिहिणाऱ्या पिढीतले. पहिल्या इनिंगला ते हाताची घडी घालून बसले होते. "हा बाउन्स होत नाही, हा काय खेळ!" आमच्या शेजारी एक पंच्याहत्तरीचे अमेरिकन आजोबा मांडीवर जाड पुठ्ठ्याची स्कोअरवही आणि हातात शिसपेन्सिल घेऊन बसले होते. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात छोटासा हिरा काढलेला, खेळाडू जितक्या बेसपर्यंत पोहोचला तितक्या बाजू गडद करायच्या. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले नीट चेंडू, होऊन बाद) झाला की के लिहायचा, आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच के उलटा, आरशात दिसतो तसा. बाबांची मान हळूहळू तिकडे वळायला लागली. तिसऱ्या इनिंगला ते मला म्हणाले, "उठ, मला तिथे बसू दे." त्यानंतर दोघांचं जे काही चाललं त्यात इंग्रजी फारसं नव्हतं. आजोबा बोट दाखवायचे, बाबा मान डोलवायचे. पाचव्या इनिंगला बाबांनी मला ऐकवलं, "६-४-३, डबल प्ले." मी आजपर्यंत इतके सामने बघितले, मला हे माहीत नव्हतं.

बाकी मजा म्हणाल तर दोन इनिंगांच्या मधे सतत काही ना काही चालू असतं. बॅट कपाळाला टेकवून गोल गोल फिरायचं आणि मग पळायचं, अशी शर्यत असते (सगळे कोलमडतात). वूल ई. बुल नावाचा मॅस्कॉट गाडी घेऊन मैदानात येतो. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं स्टेडियम उभं राहून गाणं म्हणतं, आईनेही टाळ्या वाजवून साथ दिली.

तुम्ही कुठल्या गावात जाता? अनुभव लिहा.

---

निवांत_नाना

छान लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं. मी दोनदा अशा सामन्यांना गेलो, दोन्ही वेळा कंटाळलो. कारण असं की जिंकण्या-हरण्याची तिथे कुणालाच पर्वा नसते. पिचर झकास टाकत होता, एकही फटका बसत नव्हता, आणि पाचव्या इनिंगला त्याला काढला. का? तर वर बसलेल्यांनी ठरवून दिलेले चेंडू संपले. हे म्हणजे रणजीत शतकाच्या उंबरठ्यावरच्या फलंदाजाला "भारताच्या संघाला तू ताजा हवास" म्हणून पॅव्हिलियनमध्ये बोलावण्यासारखं झालं. लोक नाचोज खातात, पोरं पळतात, मैदानात काय चाललंय ते कुणी बघत नाही. सहलीला जा, हरकत नाही. त्याला खेळ म्हणू नका.

---

भुसावळकरीण

६-४-३ म्हणजे काय ते मी सांगते. हे जागांचे नंबर आहेत, जर्सीचे नव्हेत. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. तर ६-४-३ म्हणजे चेंडू शॉर्टस्टॉपने अडवला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला. दोन माणसं बाद. कोथिंबीरवडी, बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायचे. आमच्या खानदेशात हा खेळ शाळांतून बऱ्यापैकी रुजलेला आहे, पुण्यामुंबईच्या मंडळींना हे सांगावं लागतं. त्यामुळे नाना, तुम्हाला उत्तर द्यायचा मला थोडा हक्क आहे.

पुढच्या वेळी चेंडूकडे बघूच नका, कॅचरकडे बघा. तो पिचरला खुणा कशा करतो, चेंडू पकडताना हातमोजा जरासा आत कसा ओढतो, पंचाला तो स्ट्राइक वाटावा म्हणून. ट्रिपल-एमध्ये तर आणखी गंमत आहे. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांपैकी कुणालाही पंचाचा निर्णय पटला नाही तर त्याने लगेच स्वतःच्या डोक्यावर टपली मारायची. बाकावरून कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. टपली मारली की लगेच मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि निकाल लागतो. आपलं डीआरएसच, फक्त पंधरा सेकंदांत उरकणारं. ही पद्धत आधी इथे वर्षानुवर्षं वापरून बघितली आणि २०२६ पासून मेजर लीगमध्ये आणली. पिच क्लॉकचंही (ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकायचा ते घड्याळ) तसंच, २०१५ पासून इथे चाचणी, २०२३ ला वर. म्हणजे वरच्या खेळाचे नियम आधी याच मैदानांवर घासूनपुसून बघतात. सहल म्हणून सोडून देऊ नका हो.

---

सॉमरसेटचा_सखाराम

न्यू जर्सीकर हजर! आमच्याकडे ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रियट्स. यांकीजचा डबल-ए संघ. याआधी वीसेक वर्षं ते कुणाच्याही हाताखाली नव्हते, स्वतंत्र लीगमध्ये खेळायचे. २०२१ ला यांकीजनी ट्रेंटनचा हात सोडून यांचा धरला. ट्रेंटनचे लोक अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी: रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला अगदी लागून आहे. आमचा शनिवारचा बेत ठरलेला. दुपारी ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात दर्शन, खाली कॅन्टीनमध्ये डोसा, आणि तिथून थेट मैदान. पोट भरलेलं असल्यामुळे आत फक्त आइस्क्रीमचा खर्च, तेही छोट्या प्लास्टिकच्या हेल्मेटमधून मिळतं. आमच्या घरी त्या हेल्मेटांत आता हळदकुंकू, टाचण्या, सुटे पैसे सगळं ठेवलेलं असतं.

नानांच्या मुद्द्यावर: २०२२ ला इथे अँथनी वोल्पीला खेळताना बघितलं. चौथ्या ओळीत होतो, त्याच्या बुटांना लागलेली माती दिसत होती. पुढच्या मार्चच्या शेवटी तो यांकी स्टेडियममध्ये शॉर्टस्टॉपला उभा. आणि त्याच २०२२ ला पॅट्रियट्सनी लीगचं विजेतेपद नो-हिटर टाकून जिंकलं, समोरच्यांना एकही हिट न देता. पर्वा नाही म्हणता?

---

हिशेबनीस

सगळे मौजमजेचं लिहिताय म्हणून जरा पैशाची बाजू मांडतो. मैदानावर जी पोरं दिसतात त्यांना २०२२ पर्यंत काय मिळायचं माहितीय? सिंगल-एला वर्षाला किमान ११,००० डॉलर. ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या दाराशी उभं असताना, १७,५००. सहा सहा जण एका अपार्टमेंटमध्ये हवा भरायच्या गाद्या टाकून झोपायचे. हिवाळ्यात गोदामात काम, गाडी चालवणं, मिळेल ते.

२०२२ ला ते खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले, २०२३ ला पहिला करार झाला. सिंगल-ए २६,२०० आणि ट्रिपल-ए ३५,८००. राहायची सोयही आता क्लब करतात. बरं झालं, पण याच्या वरची एक पायरी चढली की २०२३ ला किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. मधे दुसरी पायरीच नाही. नाना, ट्रिपल-एच्या बॅटरला आठव्या इनिंगला बेसकडे जीव तोडून पळताना बघाल तेव्हा हे दोन आकडे मनात ठेवा. संघ हरला तरी त्याला काही वाटत नसेल कदाचित, पण त्याचा स्वतःचा सामना रोज चालूच असतो.

---

निवांत_नाना

हिशेबनीस, हा मुद्दा पटला. पण मग ते बघणं मला आणखीच अवघड जाईल राव. समोर माणूस आयुष्य पणाला लावतोय आणि आपण प्रेक्षकांत टी-शर्ट उडवणारी तोफ कधी आपल्याकडे वळते त्याची वाट बघतोय!

---

हिशेबनीस

ते आहेच. रणजीचा सामना रिकाम्या स्टँडसमोर होतो, इथे निदान आठ हजार लोक टाळ्या वाजवतात.

---

फ्रिस्कोची_फ्रेनी

डॅलसवाल्यांसाठी: फ्रिस्को रफरायडर्स, रेंजर्सचा डबल-ए संघ. इथे उजव्या आउटफिल्डच्या मागे चक्क पाण्याचा कालवा आहे, टायरवर बसून तरंगत सामना बघायचा. त्याचं तिकीट वेगळं आणि महाग. टेक्सासच्या जुलैमध्ये संध्याकाळी सातलाही अंगाची लाही होते तेव्हा त्या पाण्यातल्या लोकांचा फार हेवा वाटतो.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच मैदानाबद्दल. ग्रँड प्रेअरी. २००८ ला ते बेसबॉलसाठी बांधलं होतं, एअरहॉग्ज नावाचा स्वतंत्र लीगमधला संघ तिथे खेळायचा. तो संघ बंद पडला, मैदान ओस पडलं, आणि मग मेजर लीग क्रिकेटने ते घेऊन क्रिकेटचं केलं. २०२३ ला तिथे पहिला हंगाम झाला. आणि ६ जून २०२४ ला त्याच मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर कुणी टाकली? आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रवळकरने, जो दिवसा ओरॅकलमध्ये इंजिनिअर आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही.

तर मायनर बेसबॉलच्या मैदानाचं असंही होऊ शकतं.

---

कोथिंबीरवडी

फ्रेनी, हे मस्त! त्या पहिल्या हंगामातले काही सामने आमच्याकडे मॉरिसव्हिलला चर्च स्ट्रीट पार्कवरही झाले होते. बुल्सच्या मैदानापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. बाबांना ते मैदानही दाखवलं, म्हणाले, "इथे बसायला पाठ टेकत नाही, तिकडे बरं होतं."

नाना, बुल्सपुरतं सांगते. २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं आमच्या संघाने ट्रिपल-एचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही खेळाडू सतत वर-खाली होत असताना. मंगळवारी बघितलेला पिचर शुक्रवारी टॅम्पात असतो. उलटंही होतं: मेजर लीगचा एखादा मोठा खेळाडू दुखापतीतून सावरताना चार दिवस इथे येतो. अशा वेळी त्याने सगळ्या पोरांना झकास जेवण घालायचं असा रिवाज आहे. ते जेवण मात्र आपल्याला दिसत नाही.

---

दोन_लेकरांची_आई

कामाचं विचारते. चार वर्षांचं आणि सात महिन्यांचं बाळ घेऊन जावं का? चेंडू लागायची भीती वाटते. आणि स्ट्रोलर?

---

भुसावळकरीण

जा बिनधास्त. होम प्लेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या बाकांच्या) पलीकडपर्यंत जाळी असते, त्या जाळीमागची तिकिटं काढा. जाळीपलीकडे बसलात तर फोन खिशात ठेवा आणि बॅटरवर नजर ठेवा, फाउल चेंडू डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. बऱ्याच मैदानांवर आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार असतो, तिथे चादर टाकून बसता येतं. बाळासाठी ते उत्तम. रविवारी शक्यतो दुपारचा सामना असतो आणि संपल्यावर मुलांना बेसवर पळू देतात. चार वर्षांच्याला तेवढंच आठवणीत राहील. शुक्रवारी फटाके असतात, बाळ दचकणारं असेल तर शुक्रवार टाळा.

बॅगेचे नियम गावोगावी वेगळे, पण पारदर्शक पिशवी नेली की वाद होत नाही. डायपर बॅग बहुतेक ठिकाणी चालते. रोख पैसे हल्ली फार ठिकाणी घेत नाहीत, कार्ड ठेवा.

---

सॉमरसेटचा_सखाराम

आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आधी चौकशी करा. बेसबॉल म्हणजे शेंगा, टरफलं पायाखाली करकर वाजत असतात. कनेक्टिकटच्या हार्टफर्डला यार्ड गोट्स नावाचा संघ आहे, त्यांनी २०१९ ला स्टेडियममधून शेंगदाणे पूर्ण बंद केले. केवढा गदारोळ झाला होता! माझ्या मते योग्यच केलं, एखादं पोर नुसत्या शेंगांपायी बाहेर का बसावं?

अवांतर: या संघांची नावं. यार्ड गोट्स, ट्रॅश पांडाज, जम्बो श्रिम्प, बिस्किट्स, सॉड पूडल्स. शपथ सांगतो, एकही मनाचं नाही. बिस्किट्स हे मॉन्टगोमेरी, अलाबामाचे, आणि प्रेक्षकांत खरोखर बिस्किटं उडवतात.

---

रात्रपाळीवाला

नाना कंटाळा म्हणाले म्हणून एक किस्सा. १८ एप्रिल १९८१, ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, ट्रिपल-ए. नऊ इनिंगनंतर बरोबरी. मग चालूच. कडाक्याची थंडी, खेळाडू तुटलेल्या बॅटी जाळून शेकत होते. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, ३२ इनिंग झाल्यावर, सामना थांबवला. तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि एका इनिंगमध्ये, अठरा मिनिटांत, पॉटकेटने ३-२ असा जिंकला. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. दोन्ही बाजूंच्या थर्ड बेसवर त्या रात्री उभे होते वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आता हे होणे नाही. मायनरमध्ये २०१८ पासून जादा इनिंग सुरू होतानाच एक खेळाडू सेकंड बेसवर उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. मला हा नियम अजिबात आवडत नाही. लहान मुलं घेऊन गेलेल्यांना आवडत असेल.

---

दोन_लेकरांची_आई

आवडतो! 😀

---

खाडीपलीकडचा

कॅलिफोर्नियातून. सॅन होजे जायंट्स, सिंगल-ए, १९४२ चं जुनं छोटंसं मैदान. तिथे पाहुण्या संघातला एक बॅटर आधीच ठरवून जाहीर करतात. तो स्ट्राइकआउट झाला की बिअर अर्ध्या किमतीत. तो बॅटिंगला आला की जो आरडाओरडा होतो, तो विश्वचषकाच्या फायनलला होत नाही. बिचाऱ्याला वाटत असेल आपलं असं काय चुकलं.

आणि सध्याची खरी गंमत सॅक्रामेंटोची. अॅथलेटिक्सनी ओकलंड सोडलं, लास वेगासचं स्टेडियम अजून तयार नाही, म्हणून २०२५ पासून ते वेस्ट सॅक्रामेंटोच्या ट्रिपल-ए मैदानावर मुक्कामाला आहेत. साधारण १४ हजार प्रेक्षकांचं मैदान. म्हणजे मायनरच्या अंतरावरून मेजर लीग बघायची संधी, फक्त भाव मेजरचे. ओकलंडचे मित्र या विषयावर बोलत नाहीत, तुम्हीही काढू नका. कोथिंबीरवडी, तुमच्या बुल्सच्या वरच्या संघावरही तीच वेळ आली होती ना?

---

कोथिंबीरवडी

हो, रेज. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडलं, म्हणून २०२५ चा अख्खा हंगाम ते टॅम्पात स्टाइनब्रेनर फील्डवर खेळले. एरवी तिथे यांकीजचा सिंगल-ए संघ खेळतो. तेव्हा इथे लोक गमतीने म्हणायचे की आमचं मैदान त्यापेक्षा बरं आहे, इकडेच या.

---

निवांत_नाना

बरं बाबांनो, हरलो असं म्हणणार नाही, पण ऑगस्टमध्ये मेव्हणा रालीला येतोय, त्याला घेऊन डरहॅमला जातो. कॅचरकडे बघायचं, टपलीकडे लक्ष ठेवायचं. दोन प्रश्न. कुठल्या वारी? आणि घरून धपाटे नेले तर आत सोडतील का?

---

कोथिंबीरवडी

मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. मेव्हणे बिअर घेत असतील तर गुरुवार बघा, त्या दिवशी बऱ्याच मैदानांवर स्वस्त असते. बैल नीट दिसायला हवा असेल तर फर्स्ट बेसच्या बाजूची तिकिटं काढा, डावीकडची भिंत समोर येते. आकाशाकडे बघून निघा. पाच इनिंग झाल्या की पावसाने बंद पडला तरी सामना पूर्ण धरतात, तिकीट बदलून मिळत नाही.

धपाटे आत नेऊ देत नाहीत. पार्किंगमध्ये डिकी उघडून खा, आमचं तसंच चालतं. चटणी जास्त आणा, शेजारच्या गाडीवाले मागतात.